गाळलेली ओळ

यंदा झाडं साल सोडीनात. हिवाळ्यात पावसाने तोंड दाखवलं नाही, वसंतात दोन सरी आल्या त्याही धूळ बसवण्यापुरत्या, आणि मेअखेरीस फोंते सेकाच्या रानात पहिली कुऱ्हाड पडली तेव्हा ज्या सालीची बाटल्यांची बुचं होतात ती बुचाची साल खोडाला अशी घट्ट धरून बसली होती, की दोन-दोन माणसं लागली तरी तुकड्यातुकड्यानेच निघायची. मालकाने तीन दिवस पाहिलं. चौथ्या दिवशी त्याने निरोप धाडला की यंदाचं काम बंद, पुढच्या वर्षी बघू. झाडांना काय, ती वर्षभर थांबतात. पेद्रा आल्ता गावातल्या चौदा घरांना थांबता येत नव्हतं, पण ते मालकाला सांगायला कोण जाणार.

देओलिंदा त्या चौदांपैकी एक. सोललेल्या बुचाच्या फळ्या झाडाखालून उचलायच्या, खांद्यावर घ्यायच्या आणि ट्रॅक्टरपर्यंत न्यायच्या, हे तिचं काम. नऊ हंगाम ती हेच करत होती. डाव्या खांद्यावरची कातडी टाचेसारखी झाली होती. नवरा अबीलियो पाच वर्षांपूर्वी फांदीवरून पडला आणि कंबरेचं हाड मोडून बसला. तो आता स्वयंपाक करायचा, कोंबड्या बघायचा आणि दारात खुर्ची टाकून येणाऱ्याजाणाऱ्याची टर उडवायचा. घर तिच्या खांद्यावर होतं आणि खांद्याला काम नव्हतं.

नदीकाठच्या मोंते नोव्होच्या रानात मात्र जमिनीत ओल होती, तिथली साल सुटत होती. तिथला मुकादम नोर्बेर्तो याने कॅफेत सांगून ठेवलं होतं, की फळ्या वाहणारे त्याच्याकडे पोत्याने आहेत, त्याला कुऱ्हाडीचा एक हात हवाय. त्याचा एक गडी फ्रान्सला निघून गेला होता. पण हात कसा आहे ते जुन्या उस्तादाने लिहून दिलं पाहिजे. हा त्या भागातला रिवाजच. बुचाचं झाड नऊ वर्षांतून एकदा सोलायचं, आणि सोलताना कुऱ्हाड सालीच्या तळाशी थांबवायची. त्याच्या आत जो ओला पापुद्रा असतो त्याला तिथले लोक आई म्हणतात. आईला कुऱ्हाड लागली की तेवढ्या जागी झाड पुन्हा साल धरत नाही. म्हणून अनोळखी माणसाच्या हातात कोणी कुऱ्हाड देत नाही, उस्तादाची चिठ्ठी लागते.

‘‘जा की जासिंतो उस्तादाकडं,’’ अबीलियो म्हणाला. तो लसूण आणि कोथिंबीर खलबत्त्यात कुटत होता. ‘‘तुला शिकवलं त्यानंच. त्याच्या चिठ्ठीला न्हाई म्हणणारा मुकादम या मुलखात जन्माला यायचाय.’’

देओलिंदा वाडग्यात शिळा पाव मोडत राहिली.

‘‘नऊ वर्षं झाली त्याला. तू काय त्याच्याकडं मागायला चाललीयस व्हय? त्याच्याकडंच तुझं निघतंय.’’

त्या गोष्टीबद्दल तिने नवऱ्याला एकदाच सांगितलं होतं, ती घडली त्याच रात्री. त्याने ऐकून घेतलं होतं आणि ‘‘असू दे’’ म्हणाला होता. त्याचा विश्वास बसला की नाही, हे तिला तेव्हाही कळलं नाही आणि पुढे तिने विचारलंही नाही. संसारात असे काही प्रश्न झाकून ठेवलेलेच बरे असतात.

तिने वाडग्यातल्या शिळ्या पावावर अबीलियोने ओतलेलं गरम पाणी पाहिलं, वर फोडलेलं अंडं पाहिलं, आणि जेवली. चव लागली नाही. जेवून झाल्यावर तोंड धुऊन निघाली.

उस्तादाच्या घराची वाट फोंते सेकाच्या कडेने जाते, आणि त्या वाटेवर विधवा उभी आहे. विधवा म्हणजे झाड. आसपास दुसरं झाड नाही, एकटीच काळी पसरून उभी, म्हणून कोणा आजोबा-पणजोबाने ते नाव ठेवलं. तिच्या खोडावर पांढऱ्या रंगात सात लिहिलेला होता. ज्या वर्षी झाड सोललं त्या वर्षाचा शेवटचा आकडा खोडावर रंगवतात, म्हणजे पुन्हा कधी सोलायचं ते कोणाला विचारावं लागत नाही. सात आता फिकट झाला होता. विधवेची पाळी याच वर्षी होती.

आकड्याच्या मागे, मावळतीच्या अंगाला, हातभर लांब जखम होती. तिच्या कडा ओठांसारख्या सुजून आल्या होत्या आणि मध्ये सुकं लाकूड दिसत होतं. देओलिंदा त्या बाजूने गेली नाही. नऊ वर्षांपूर्वी त्या दिवशीसुद्धा ती त्या बाजूला गेली नव्हती. ती उगवतीच्या अंगाला होती. मावळतीला जासिंतो उस्ताद होता.

फार लांबवण्यासारखी गोष्ट नाही. उस्तादाला मुलगा नव्हता, कुऱ्हाडीचा जोडीदार आजारी पडला, आणि फळ्या वाहणाऱ्या बायांत हिचा कान चांगला आहे हे त्याने हेरलं. कुऱ्हाड सालीत घालून फिरवली की आवाज होतो. कोरडा आवाज आला तर साल चिकटलेली, पोकळ आला तर सुटलेली. तो फरक ऐकू येणं ही देणगी असते. लोक हसले, बायकांनीसुद्धा नाकं मुरडली, पण उस्तादाने तीन हंगाम तिला शिकवलं. रानात सगळ्यांसमोर तो म्हणायचा, माझ्यामागे हीच. तिसऱ्या हंगामात विधवेवर दोघं होते. उस्तादाच्या डोळ्यांत तेव्हाच मोतीबिंदू उतरायला लागले होते, पण ते त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं. कुऱ्हाड आत गेल्याचा आवाज देओलिंदाने खोडाच्या पलीकडून ऐकला. ओल्या भाकरीत सुरी जावी तसा आवाज. ती वळसा घालून आली, तोवर फोंते सेकाचा मुकादमही आला. जखमेपाशी दोघं उभे, दोघांच्या हातात कुऱ्हाडी. मुकादमाने आधी उस्तादाकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं, आणि तिच्याकडेच पाहत राहिला. उस्ताद आपल्या कुऱ्हाडीचं पातं अंगठ्याने पुसत होता. ती त्याच्या बोलण्याची वाट पाहत राहिली. तो बोलला नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, तसलंच. फक्त इथे चोर तिचा गुरू होता, त्यामुळे तिचंही तोंड उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी तिच्या हातातली कुऱ्हाड गेली आणि खांद्यावर फळी आली. उस्ताद पुढे चार हंगाम अब्रूने राबला आणि मग घरी बसला.

‘‘कोण?’’ जासिंतोने विचारलं. तो अंजिराच्या सावलीत बाकावर होता. डोळे दुधी झाले होते. हात मांडीवर होते आणि उजवा आपोआप हलत होता.

‘‘मी उस्ताद. देओलिंदा.’’

‘‘पायावरून वाटलंच. खांदा जड झालाय तुझा. डावा पाय दाबून टाकतीस.’’

त्याची बायको गेर्त्रूदश दारात आली, तिने मेंढीच्या दुधाचं चीज आणि ऑलिव्ह आणून ठेवले, अबीलियोच्या कंबरेची चौकशी केली, पावसाला शिव्या दिल्या. मोंते नोव्होला जागा आहे हे म्हाताऱ्याच्या कानावर आलेलंच होतं. देओलिंदाला मागावंही लागलं नाही. ‘‘चिठ्ठी पाहिजे ना?’’ त्यानेच विचारलं. मग म्हणाला की त्याचा हात काही लिहिण्याच्या लायकीचा उरला नाही आणि गेर्त्रूदशला अक्षर येत नाही. तो सांगेल, तिनेच लिहावं, सही तो करील.

गेर्त्रूदशने कुठल्याशा वहीतलं रेघांचं पान फाडून दिलं. देओलिंदा बाकाच्या टोकाला बसली. म्हाताऱ्याने घसा साफ केला आणि चर्चमध्ये वाचतात तशा आवाजात सांगायला लागला.

‘‘मोंते नोव्होच्या मुकादमास. मी जासिंतो रामाल्यू, एक्केचाळीस हंगाम कुऱ्हाड धरलेला. चिठ्ठी आणणारी बाई माझ्या हाताखाली तीन हंगाम शिकली. तिचा कान माझ्यापेक्षा चांगला हाय. लिहिलंस?’’

‘‘लिहिलं.’’

‘‘फळी अखंड काढती. घाई करत न्हाई. दारू पीत न्हाई. लिही. फोंते सेकाला विधवेच्या झाडावर तिच्या हातून आईला जखम झाली. ती चूक नवेपणाची होती. मी ती तिला माफ केलेली हाय.’’

देओलिंदाचा हात कागदावर थांबला. तिने म्हाताऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. त्यावर काही नव्हतं. ना लाज, ना कावा. खोटं इतकी वर्षं वापरून वापरून खऱ्यासारखं गुळगुळीत झालं असेल, किंवा नसेलही. तिला राग यायला हवा होता. राग कुठे आहे म्हणून तिने आत चाचपून पाहिलं, तर तिथे काहीच हाताला लागलं नाही.

ती ओळ तिने लिहिली नाही.

‘‘पुढं?’’ ती म्हणाली.

‘‘पुढं काय. तिला कुऱ्हाड द्यावी, माझी हमी हाय. वाच बघू.’’

तिने वाचलं. विधवेच्या ओळीपाशी आली तेव्हा कागदावर नसलेली ती ओळ त्याने सांगितली होती तशीच, शब्दाला शब्द, वाचून दाखवली. आवाज हलला नाही. मग त्याचं बोट धरून कागदाच्या तळाशी नेऊन ठेवलं आणि त्याने मुंगी शाईतून चालावी तशी सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सात किलोमीटर चालत मोंते नोव्होला गेली. नोर्बेर्तो मुकादम पन्नाशीचा, पोट सुटलेला, पण डोळा तिखट. नऊच्या न्याहारीला माणसं झाडाखाली बसली होती. त्याने चिठ्ठी उघडली, ओठ हलवत वाचली, उलटून मागची बाजू पाहिली, पुन्हा वाचली.

‘‘सही उस्तादाचीच हाय,’’ तो म्हणाला. ‘‘अक्षर कुणाचं?’’

‘‘माझं. त्यांचा हात हलतो.’’

‘‘हं.’’ त्याने कागदाची घडी घातली. ‘‘आणि विधवा?’’

बसलेल्यांपैकी कोणीतरी चावायचं थांबलं.

‘‘बाई, ह्या मुलखात शेंबडं पोरसुद्धा सांगंल विधवेला कुणी मारलं ते. मला त्याचं काय वाटत न्हाई. चूक माणसाच्याच हातून होते. पण उस्तादाच्या चिठ्ठीत त्याचा शब्दसुद्धा न्हाई? जासिंतो उस्ताद तसली गोष्ट गाळणारा माणूस न्हाई. आंधळ्याची सही आणि तुझं अक्षर. मी काय समजू?’’

हात दाखवून अवलक्षण करून घ्यावं तशी देओलिंदाची गत झाली होती. माणसं तिच्याकडे पाहत होती, आणि त्यांच्या पाहण्यात वाईट काही नव्हतं हेच जास्त अवघड होतं. एकाने तिला पाव पुढे केला. तिने घेतला नाही.

‘‘त्यानं लिहून दिलं की मी तुला माफ केलं, तर माझ्याकडनंही माफ,’’ मुकादम म्हणाला. ‘‘सोमवारी जोड्या लावायच्यात. तोवर आण. न्हाईतर मला दुसरा बघावा लागंल.’’

परत येताना ऊन डोक्यावर चढलं होतं. रस्त्याचं डांबर मऊ झालं होतं आणि चपलांचे तळ त्याला चिकटत होते. तिने विचार केला नाही. नदीच्या पुलावर थांबून पाणी प्याली, चेहऱ्यावर मारलं. गावात न शिरता ती सरळ अंजिराच्या झाडाकडे गेली.

जासिंतो कालच्याच जागी होता, जणू रात्रभर तिथेच ठेवला होता. त्याने मान वळवली.

‘‘परत पाठवलं,’’ तो म्हणाला.

‘‘व्हय. एक ओळ लिहायची राहिली.’’

‘‘राहिली न्हाई. तू लिहिलीच न्हाईस.’’

तिने त्याच्याकडे पाहिलं.

‘‘पेन थांबला होता, पोरी. मी सांगत होतो आणि पेनाचा आवाज येत नव्हता. चाळीस वर्षं कानावर जगलो मी. पुढं तू वाचलंस, तेव्हा तर हसू येता येता राहिलं मला. म्हटलं, बरं केलंस.’’

‘‘मग सही कशाला केली?’’

‘‘म्हणून तर केली.’’

आत गेर्त्रूदश काहीतरी चिरत होती. सुरीचा फळीवरचा आवाज एकसारखा येत होता. म्हाताऱ्याने हलणारा हात दुसऱ्या हाताने दाबून धरला. मग त्याने मान खाली घालून, तिच्याकडे न वळता, जमिनीला सांगावं तसं सांगितलं.

‘‘माझी कुऱ्हाड होती ती.’’

आतली सुरी थांबली.

‘‘मला सालीतली भेग दिसलीच न्हाई. अंदाजानं घातली. आणि तो मुकादम तुझ्याकडं बघाया लागला, तेव्हा मला वाटलं, एवढा एक हंगाम जाऊ दे, मग सांगीन. मग दुसरा गेला. मग कुणी विचारीना, आणि मलाबी वाटाया लागलं की तसंच झालं असंल.’’ त्याने तिच्याकडे तोंड वळवलं. ‘‘काढ कागद. खरं लिही. मी सांगतो, मी केलं म्हणून. सही करतो. गेर्त्रूदश साक्षीला हाय.’’

नऊ वर्षं ती हे वाक्य ऐकायला थांबली होती. रात्री अंथरुणात पडून, फळी खाली टाकताना, चर्चमध्ये मिसाच्या प्रार्थनेला उभं असताना ते तिने शंभर वेळा त्याच्या तोंडी घालून पाहिलं होतं. आता ते आलं, आणि आतमध्ये काहीच उठलं नाही. तिला फक्त पाय दुखत असल्याचं जाणवलं. ती बाकावर बसली आणि कुऱ्हाड कुठे घालायची ते आधी खोड बघून ठरवावं, तसं तिने ते वाक्य चहूबाजूंनी पाहिलं.

‘‘न्हाई चालायचं उस्ताद,’’ ती म्हणाली.

‘‘का न्हाई?’’

‘‘तुमची कुऱ्हाड आईला लागली असं लिहिलं, तर मग तुमच्या चिठ्ठीला किंमत काय? तुमच्या हाताला डाग न्हाई म्हणून तर तुमची चिठ्ठी चालते. डाग लागला तर मी कुणाची चिठ्ठी घेऊन जाऊ?’’

तिने चपला काढून पाय सावलीत घेतले.

‘‘आणि लोक म्हणतील, बाईनं आंधळ्याला गोड बोलून लिहून घेतलं. न्हाईतर म्हणतील, म्हाताऱ्याला चळ लागला. आजच माझ्या अक्षरावर बोट ठेवलंय त्यांनी.’’ तिने पेन काढला. ‘‘कालची ओळ सांगा.’’

‘‘मला न्हाई सांगवत ती आता.’’

‘‘असू दे. माझ्या ध्यानात हाय.’’

तिने नव्या पानावर सगळी चिठ्ठी पुन्हा उतरवली. विधवेच्या झाडावर तिच्या हातून आईला जखम झाली. ती चूक नवेपणाची होती. मी ती तिला माफ केलेली आहे. अक्षर कालच्यापेक्षा चांगलं आलं. या खेपेला पेन कुठेच थांबला नाही, आणि म्हातारा ते ऐकत होता. तिने त्याचं बोट धरून खाली नेलं. त्याचा हात इतका हलत होता की सही दोन ओळींवर पसरली.

गेर्त्रूदश दारात आली होती. तिच्या हाताला कोथिंबीर चिकटली होती. एकोणपन्नास वर्षांच्या संसारात तिला ही गोष्ट आज कळत होती. तिने नवऱ्याकडे पाहिलं, देओलिंदाकडे पाहिलं, आणि विचारलं, जेवून जाशील का. देओलिंदा नाही म्हणाली. म्हाताऱ्याने काहीतरी म्हणायला हात पुढे केला होता, तो तिने पाहिला, पण शाई ओली होती आणि ती वाळेपर्यंत कागद दोन्ही हातांनी धरणं भाग होतं.

सोमवारी उजाडताना मुकादमाने चिठ्ठी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचली. तीही तिथली रीत. नवा हात आला की कोणाच्या भरवशावर आला ते सगळ्यांना कळलं पाहिजे. माफीच्या ओळीपाशी तो थोडा थांबला आणि माना हलल्या. एक जुना गडी टोपी काढून म्हणाला, काय मन आहे बघा त्या माणसाचं. मुकादमाने चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली आणि देओलिंदाला कुऱ्हाड दिली.

नऊ वर्षांनी दांडा हातात आला. तळहाताने तो लगेच ओळखला. डोक्याला मात्र ती दुसऱ्याच कोणाची तरी कुऱ्हाड वाटत होती. तिला जोडीदार दिला व्हाल्देमार, तिशीचा, बडबड्या, दुसऱ्याच हंगामाचा. पहिल्या झाडावर मुकादम जवळ उभा राहिला. तिने सगळ्यांत खोल भेग शोधली, कुऱ्हाड घातली, पातं फिरवलं. कोरडा आवाज. थोडं वर सरकली. पोकळ आवाज आला. मग तिने उभी चीर खालपर्यंत आणली, आडवी मारली, दांड्याचं टोक आत सारलं, आणि साल करकरत सुटली. पुरुषभर उंचीची फळी, अखंड. आतलं खोड ओलं आणि पिवळसर होतं, बघता बघता लालसर व्हायला लागलं.

मुकादमाने त्यावर तळहात फिरवला, खालपासून वरपर्यंत. ओरखडाही नव्हता.

‘‘उस्तादानं शिकवलंय खरं,’’ तो म्हणाला.

‘‘व्हय,’’ ती म्हणाली.

तो दुसऱ्या जोडीकडे गेला. व्हाल्देमारने डब्यातला पांढरा रंग ढवळला आणि खोडावर सहा काढला. मग ब्रश तसाच धरून, आजूबाजूला कोणी नाही ना बघून, त्याने हळूच विचारलं, ‘‘ताई, राग नका मानू. माझ्या हातनं तसं होऊ नये म्हणून इचारतो. विधवेच्या वेळी नेमकं झालं तरी कसं?’’

देओलिंदाने पातं अंगठ्याने पुसलं.

‘‘भेग नीट दिसली न्हाई,’’ ती म्हणाली. ‘‘अंदाजानं घातली. आवाज ऐकायच्या आधीच जोर दिला. ओल्या भाकरीत सुरी जावी तशी गेली आत.’’

‘‘मग?’’

‘‘मग काय. गप उभी राहिले.’’

सांगताना ती कुठेच अडखळली नाही. व्हाल्देमारने मान डोलावली आणि हे ध्यानात ठेवीन म्हणाला. ती पुढच्या झाडाकडे गेली, खोडाला वळसा घालून मावळतीच्या अंगाला, त्या दिवशी उस्ताद होता त्या बाजूला, उभी राहिली आणि त्याला पलीकडची बाजू धरायला सांगितली.